मिरचीचं बी आणि हातगुण

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी सातवीच्या मुलांना मी मिरचीचं बी पेरून रोप आणायला सांगितलं होतं. पाच गुणांचा उपक्रम. वीस दिवसांनी बहुतेकांनी काही ना काही आणलं. दोघांनी तर सरळ रोपवाटिकेतून विकत आणलं, हे रोपांच्या उंचीवरून कळत होतं. त्यांना पूर्ण गुण मिळाले. एक मुलगी नुसत्या मातीचा डबा घेऊन आली. म्हणाली, "सर, अम्मी म्हणते माझ्या हाताला गुण नाही. मी लावलेलं काही उगवत नाही." मी तिला पाचपैकी दोन दिले. त्या दोन गुणांची मला आजही लाज वाटते.

मी भाषेचा शिक्षक. बी.एड.ला असताना बीजांकुरणावरची कविता झकास शिकवली होती, पण स्वतः मिरची कधी पेरली नव्हती. मुलांना 'बी पेरा' एवढंच सांगितलं. कोणतं, किती खोल, पाणी किती, यातलं काहीच नाही.

त्या मुलीला नंतर खोदून विचारलं. बी घेतलं होतं स्वयंपाकघरातल्या हिरव्या मिरचीतलं. तिथंच निम्मा खेळ संपला. हिरव्या मिरचीतलं बी कोवळं असतं. बियाण्यासाठी मिरची झाडावरच लालबुंद पिकायला हवी आणि तिचं बी सावलीत वाळवायला हवं. वाण्याकडच्या सुक्या लाल मिरचीचं बी उगवू शकतं, पण फार जुनं नको. दोनेक वर्षांत त्याचा जोर ओसरतो. बाजारातली ढोबळी मिरची बहुधा संकरित असते. तिचं बी उगवलं तरी फळ तसंच येईल याची खात्री नाही.

दुसरं, डबा ठेवला होता पत्र्यावर. मिरचीच्या बियाला पंचवीस ते तीस अंशांची ऊब लागते. आपल्या पंढरपुरात एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्रा तर तव्यासारखा तापतो. तिसरं, माती शेतातली काळी. पाणी पडलं की चिकटते, वाळली की कडक पापुद्रा धरते. त्याखाली बी बोटभर खोल. खरं तर अर्धा-एक सेंटीमीटर पुरतं, तेही कोकोपीट किंवा चाळलेलं कुजकं शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मातीत. आणि डब्याला खाली भोकच नव्हतं. यात हाताचा दोष कुठे आहे?

मग जूनमध्ये मी स्वतः गच्चीवर सावलीत वीस बिया पेरल्या. आठवडा गेला, काही नाही. घरच्यांनी थट्टा सुरू केली. दहाव्या दिवशी पहिला हिरवा आकडा वर आला. एकूण तेरा उगवल्या. आनंदाच्या भरात मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिलो आणि पाच रोपं मुळाशी काळी पडून आडवी झाली. ओल सतत राहिली की बुरशी धरते. नवख्या माणसाची रोपं तहानेनं कमी आणि लाडानं जास्त मरतात. उरलेली आठ सहा आठवड्यांनी बादल्यांत लावली. दोघांची पानं चुरडली, बोकड्या म्हणतात तो. सहा झाडांना मिरच्या लागल्या. विसातली सहा. माझ्या हाताला गुण आहे की नाही, तुम्हीच ठरवा.

हातगुणाची ही भाषा आपल्या घरांत फार सहज बोलली जाते आणि बहुतेक वेळा ती मुलींच्या वाट्याला येते. हिच्या हातची भाकरी फुगत नाही, हिनं लावलेलं जगत नाही. मुलगी कारण शोधायचं सोडते आणि स्वतःलाच कारण समजू लागते.

एक गोष्ट मी आता वर्गात आवर्जून सांगतो. सावता माळी आपल्या जिल्ह्यातल्या अरणचे, तेराव्या शतकातले. मिरची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांबरोबर इथं आली सावतोबांनंतर दोनशे वर्षांनी. तरी त्यांच्या नावानं गायल्या जाणाऱ्या अभंगात मिरची आहे. पुढच्या गाणाऱ्यांनीच तिला बहुधा आत घेतलं असावं. आता खर्डा परका आहे असं कुणाला सांगून बघा! पण ही मिरचीही इथल्या मातीत कुणीतरी पेरून, चुकून, पुन्हा पेरूनच रुजवली असणार.

यंदा उपक्रम मी जूनमध्ये घेतला आणि गुण रोपाला नाहीत, नोंदवहीला ठेवले. बी कुठलं, कधी पेरलं, काय बिघडलं. एकही रोप न जगलेल्या एका मुलाला पाचपैकी पाच मिळाले, कारण त्यानं मुंग्यांनी बी नेल्याचं तारखेसह लिहिलं होतं. काही पालकांना हे पटलं नाही. हरकत नाही.

ती मुलगी आता आठवीत आहे, तिला उपक्रम नव्हताच. मी माझ्या झाडाची एक पिकलेली मिरची तिला दिली होती. तिच्या वहीत नवव्या दिवसापुढे 'काही नाही' असं लिहिलंय, दहाव्या दिवसापुढेही तेच. अकराव्या दिवशी तीन. सध्या तिच्याकडे सात रोपं आहेत. त्यातलं एक मी मागून ठेवलंय, माझं एक झाड परवा माकडांनी मोडलं.