ओसाड नव्हते, वसलेले होते

उजनी धरणाने ओसाड माळावर ऊस उभा केला, असे सोलापुरात सर्रास म्हटले जाते. ऊस खरा आहे. झडती घ्यायची ती ‘ओसाड’ या शब्दाची. अमेरिकेच्या पश्चिमेची गाथाही याच शब्दावर रचली गेली. 22 एप्रिल 1889 रोजी ओक्लाहोमात हजारो लोक ‘मोकळी’ जमीन धरायला एकदम धावले. ती क्रीक आणि सेमिनोल लोकांकडून आधी काढून घेतलेली होती. उजनीतही माळ कोरडा होता, पण बुडाला तो माळ नव्हे. बुडाली ती भीमेकाठची कसदार राने आणि पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली गावे. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते: आधी शिखर, मग गाळाने माखलेले दगडी खांब. ओसाड जागी कोणी असे देऊळ बांधत नाही.

यावर आक्षेप येईल की, तिकडे फौजा होत्या, 1890 मध्ये वुंडेड नी येथे मूळ रहिवाशांची कत्तल झाली. इथे कायदा होता, मोबदला होता. फरक मोठा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. पण पश्चिमेचा इतिहास बंदुकीपाशी संपत नाही. 1948 मध्ये मिसुरी नदीवरच्या गॅरिसन धरणासाठी मंडान, हिदात्सा आणि अरिकारा जमातींची सुमारे दीड लाख एकर जमीन करारानेच घेतली गेली. सही होताना त्यांचे प्रमुख जॉर्ज जिलेट चेहऱ्यावर हात धरून रडत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. कागद कायदेशीर होता, म्हणून संमती मनापासूनची ठरत नाही. उजनीचे काम सुरू झाले 1966 मध्ये. राज्याचा पुनर्वसन कायदा आला 1976 मध्ये. आधी धरण, मग माणसांचा विचार, हा क्रम तारखाच सांगतात.

धरण नसते तर दुष्काळ हटला असता का, हा प्रश्न रास्त आहे. नसताच. म्हणूनच हे धरणाविरुद्धचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, धरणग्रस्तांच्या वाट्याला आलेल्या गोष्टीला ‘त्याग’ म्हणू नये. त्याग स्वखुशीने होतो आणि त्याची परतफेड मागता येत नाही. हे देणे आहे, ते मागता येते, आणि ते अजून बाकी आहे. 21 मे 2024 रोजी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीला निघालेली होडी उजनीच्या पाण्यात वादळाने उलटली, सहा जण बुडाले. पाणी अडवून 44 वर्षे झाली होती, तरी या काठावरून त्या काठाला जायला होडीच होती.