प्रबंध गुणांपुरता नको



आपल्या वस्त्यांतल्या अनेक मुली, आणि काही मुलगेही, आज एम.एस्सी. नर्सिंगपर्यंत पोहोचले आहेत. याचा मला आनंद आहे. पण प्रबंधाचा विषय विचारला की बहुतेकांचे उत्तर एकाच साच्यातले असते : आधी प्रश्नावली, मग एक तास शिकवणे, मग पुन्हा तीच प्रश्नावली. शिकवल्यावर गुण वाढणारच! पदवी मिळते, प्रबंध कपाटात जातो आणि वॉर्डात काही बदलत नाही.

संशोधन डॉक्टरांनीच करायचे, ही समजूत सोडायला हवी. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल या परिचारिकेने आकड्यांनिशी दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या महिलांना नवजात बाळाची काळजी घ्यायला आणि नोंदी ठेवायला शिकवले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. पुढे देशभरातील आशा स्वयंसेविकांच्या कामात ही पद्धत आली.

रुग्णाच्या खाटेजवळ सर्वांत जास्त वेळ तुम्ही असता. रोजे ठेवणारा मधुमेही इन्सुलिनची वेळ स्वतःच बदलतो का? बाळाला आईच्या पहिल्या दुधाआधी मध चाटवायला कोण सांगते? पुरुष कर्मचारी समोर असला की बाई कोणता त्रास लपवते? हे प्रश्न तुम्हाला दिसतात, कारण ती घरे आणि ती बोली तुमची आहे.

२००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला आणि आपल्या मागासलेपणाच्या चर्चेला आकड्यांचा आधार मिळाला. आरोग्याबाबतही आपल्याला असाच पुरावा लागेल. तो आपल्या श्रद्धांना सोयीचा निघाला नाही, तरी प्रामाणिकपणे मांडावा लागेल.

म्हणून माझी विनंती आहे. या वर्षी असा एकच प्रश्न घेऊन गाइडकडे जा. नैतिकता समितीची परवानगी घ्या. रुग्णाची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्या. निष्कर्षांचे एक पान वॉर्डच्या सिस्टरच्या हाती द्या, एक आमच्याकडे पाठवा. आम्ही ते छापू.