ज्ञानाची वाट उसाच्या फडापर्यंत

दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे गळीत सुरू झाले की बिद्रीच्या परिसराचा चेहराच पालटतो. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर उसाच्या वाहनांची रांग लागते, मुदाळ तिट्ट्यावरची वर्दळ वाढते आणि माळावर पालांच्या वस्त्या उठतात. स्थानिक टोळ्यांच्या जोडीला मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, आलेली कुटुंबे पहाटेच्या अंधारात फडात उतरतात आणि दिवस कलला तरी त्यांचा कोयता थांबत नाही. हंगाम आटोपला म्हणजे किती टन ऊस गाळला, साखरेचा उतारा किती पडला, सभासदाला टनामागे काय भाव मिळाला, यांचे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात. तो ऊस ज्यांनी तोडला त्या माणसांच्या देहात या पाच-सहा महिन्यांत काय बदल झाला, याचा आकडा मात्र कोणी मागत नाही. हे केवळ बिद्रीचे चित्र नव्हे. महाराष्ट्रातील साऱ्या साखरपट्ट्याचे आहे.

असा आकडा काढणे अवघड आहे म्हणावे, तर तसेही नाही. रक्तातील क्रिएटिनिन मोजले आणि व्यक्तीचे वय व लिंग ठाऊक असले, की तिची मूत्रपिंडे कितपत काम करीत आहेत याचा अंदाज एका सूत्राने बांधता येतो. हे सूत्र इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहता येते. तपासणी साधी आहे, तिचा खर्चही मोठा नाही. उणीव आहे ती ही तपासणी करावयास हवी असे वाटण्याची, आणि ते वाटण्यासाठी लागणाऱ्या ज्ञानाची. जगभरच्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना इंटरनेटने एका धाग्यात गुंफले, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरेही आहे. प्रश्न एवढाच, की त्या धाग्याचे टोक बिद्रीच्या फडापर्यंत पोहोचते काय?

उसाचा फड आणि मूत्रपिंड यांचा संबंध काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा संबंध प्रथम ठळकपणे दिसला तो पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, मध्य अमेरिकेत. एल साल्वादोरच्या राजधानीतील रोसालेस रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २००२ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांच्याकडे मूत्रपिंडे निकामी होऊन येणाऱ्या अनेक रुग्णांना ना मधुमेह होता, ना जुना रक्तदाब. त्यांत समुद्रकाठच्या सखल, उष्ण प्रदेशातील शेतमजुरांचा भरणा होता. शेजारच्या निकाराग्वात ऊसतोड कामगारांत हेच दिसत होते. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातील भातशेतकऱ्यांत आणि आपल्याच आंध्र प्रदेशातील उद्दानम भागात असेच गूढ दुखणे ठाण मांडून बसले होते. प्रत्येक ठिकाणच्या डॉक्टरास ते आपल्याच भागाचे दुर्दैव वाटत होते.

हे तुकडे जुळले ते डॉक्टरांनी आपापली निरीक्षणे एकमेकांपुढे ठेवली म्हणून. २०१२ साली कोस्टा रिकात या विकारावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एल साल्वादोरमधील रुग्णांच्या मूत्रपिंडाचे सूक्ष्म नमुने स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी तपासले. पुढे निकाराग्वा व श्रीलंकेतील नमुनेही त्यांनी अभ्यासले. रोगाच्या मूळ कारणाविषयी अद्याप एकमत नाही. कीटकनाशके, पाण्यातील जड धातू यांच्याकडेही बोट दाखविले जाते. तथापि रणरणत्या उन्हातील अतिश्रम आणि शरीरातील पाण्याची घट यांचा वाटा मोठा असावा, या मताला मध्य अमेरिकेत बळ मिळाले आहे. तेथे हंगामाच्या प्रारंभी आणि शेवटी त्याच कामगारांचे रक्त तपासण्याची पद्धत अवलंबण्यात आली, आणि काही कारखान्यांनी पाणी, सावली व सक्तीची विश्रांती यांची व्यवस्था केली. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मूत्रपिंडाच्या आरोग्याविषयी ठराव संमत केला, त्यासाठी पुढाकार घेणारा देश ग्वाटेमाला होता. तोही उसाचाच देश आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मूत्रपिंडवैद्यकाला ही देवाणघेवाण नवी नाही. नेदरलँड्समधील कांपेन या लहानशा गावी, जर्मन सैन्याच्या ताब्यात देश असताना, डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून डायलिसिसचे यंत्र तयार केले. युद्ध संपल्यावर त्यांनी आपली यंत्रे लंडन, न्यूयॉर्क, माँट्रियल आदी ठिकाणच्या रुग्णालयांना देऊन टाकली. त्या काळी हे ज्ञान जहाजाने प्रवास करीत असे. आज त्याला क्षणही लागत नाही. मूत्रपिंडविकारांच्या उपचाराची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे इंटरनेटवर खुली आहेत. राजकोटचे डॉ. संजय पंड्या यांच्या पुढाकाराने रुग्णांसाठी मूत्रपिंडविषयक माहिती तीसहून अधिक भाषांत उपलब्ध झाली, त्यांत मराठीही आहे. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेमुळे २०१९ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरास दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेता येतो. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. तीस वर्षांतील ही मजल लहान म्हणता येणार नाही.

परंतु या साऱ्या व्यवहारात ग्रामीण डॉक्टरची भूमिका घेणाऱ्याची ठरून गेली आहे. मोठ्या शहरातील तज्ज्ञाने सांगावे आणि खेड्यातील डॉक्टराने ऐकावे, अशी ही एकमार्गी वाहतूक आहे. ज्ञान खेड्यातूनही बाहेर जाऊ शकते, याचे उदाहरण शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री जागून काढल्या, लक्षणे टिपली आणि ती निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध केली. प्राझोसिन या औषधाच्या वापराने विंचूदंशाचे मृत्यू कसे टळतात, हे त्यांनी जगास दाखवून दिले. तेव्हा त्यांच्या हाती इंटरनेट नव्हते. होती ती टिपणवही, टपालपेटी आणि जिज्ञासा. याच डॉक्टरांनी २०१० साली महाराष्ट्रातील एका लहान गावातील मूत्रपिंडविकार आणि पिण्याच्या पाण्यातील जड धातू यांच्या संबंधावरही लिहिले. साधने तोकडी असताना जे बिरवाडीहून घडले, ते साधने मुबलक असताना बिद्रीहून का घडू नये?

बिद्रीच्या फडात पाहण्यासारखे आणि नोंदण्यासारखे पुष्कळ आहे. पालाजवळ शौचालय नाही म्हणून ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया दिवसभर पाणी टाळतात, हे समाजकार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. अंगदुखी मारण्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या जातात. पाणी कमी झालेल्या शरीरात याच गोळ्या मूत्रपिंडावर आघात करतात. उसाच्या पाचटात घोणस दडलेली असते, आणि तिच्या विषाने धडधाकट माणसाची मूत्रपिंडे काही दिवसांत बंद पडू शकतात. वेळीच प्रतिविष आणि उपचार मिळाले तर ती पुन्हा कार्यक्षम होण्याची आशा असते. मूत्रपिंडे अचानक बंद पडून उपचारांअभावी कोणी मरू नये, यासाठी आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविज्ञान संघटनेने २०२५ या वर्षाचे उद्दिष्ट २०१३ सालीच जाहीर केले होते. ते वर्ष सरले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली. त्या स्त्रियांचे दुःख कोणाच्या नोंदवहीत आले नाही म्हणूनच ते इतकी वर्षे अदृश्य राहिले. मूत्रपिंडाच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ देणे योग्य नव्हे.

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते, आणि इंटरनेटचा खरा उपयोग तेथेच आहे. ऊसतोड कामगार हा वर्षातील अर्धा काळ एका जिल्ह्यात आणि अर्धा काळ दुसऱ्या जिल्ह्यात राहतो. जानेवारीत बिद्रीच्या डॉक्टराला त्याच्या रक्तात दोष आढळला, तरी एप्रिलमध्ये तो गावी परततो आणि कागद पालातच हरवतो. तिकडचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, किंवा करीतही नाही. मूत्रपिंडाचा विकार मुकाट वाढणारा आहे. एका तपासणीने त्याची दिशा कळत नाही, मागील आकडा शेजारी ठेवला तरच कळते. २०२१ पासून देशभर लागू झालेल्या डिजिटल आरोग्य अभियानात प्रत्येक नागरिकास ‘आभा’ क्रमांक आणि आपली नोंद सोबत नेण्याची सोय देण्यात आली आहे. ही सोय सर्वांत आधी कोणाला हवी असेल, तर ती स्थलांतर करणाऱ्या या माणसाला. बिद्री बोस्टनशी जोडली जावी, यात वाद नाही. पण त्याआधी ती बीडशी जोडली गेली पाहिजे.

तज्ज्ञाचा सल्ला मिळाला तरी उपचारांचे काय, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची राष्ट्रीय योजना २०१६ साली जाहीर झाली, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचाही आधार आहे. परंतु आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला बांधून घेणे फडावरच्या मजुराला कसे परवडावे? त्याची मजुरी बुडते, घेतलेली उचल फिटत नाही आणि मुकादमाचा तगादा सुटत नाही. म्हणूनच त्याच्या बाबतीत रोग आधी ओळखणे हाच मुख्य उपचार आहे. दुसरा धोका इंटरनेटच्या आतलाच आहे. मूत्रपिंड पूर्ववत करून देणाऱ्या चमत्कारी काढ्यांच्या जाहिराती त्याच मार्गाने घरोघर पोहोचतात, आणि रुग्णाचा अहवाल त्याच्या संमतीवाचून दहा हातांत फिरतो. अशिक्षित मजुराचीही संमती घेतलीच पाहिजे, आणि तपासणीत दोष निघाला म्हणून त्याचे काम जाता कामा नये, याची हमी आधी दिली पाहिजे.

या कामासाठी नवी इमारत नको, की फार मोठा निधी नको. टोळ्यांची नावे कारखान्यांच्या शेती खात्यातील लेखनिकांकडे असतातच. साखरशाळेतील शिक्षक त्या कुटुंबांना ओळखतो आणि त्याच्या शब्दाला पालावर मान असतो. गारगोटीस मौनी विद्यापीठाची ग्रामीण शिक्षणाची परंपरा आहे. तेथील विद्यार्थ्यांना वजन, रक्तदाब, पाणी पिण्याच्या सवयी यांची नोंद करणे शिकविता येईल. रक्ताची तपासणी आणि वैद्यकीय देखरेख कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे असावी. हंगामाच्या आरंभी एकदा आणि शेवटी एकदा, त्याच माणसांची तपासणी व्हावी; दोष आढळलेल्यांची नोंद त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्राकडे त्यांच्याआधी पोहोचावी. यातून निघणारे निष्कर्ष नावे वगळून एल साल्वादोर, श्रीलंका आणि आंध्रातील संशोधकांपुढे ठेवावेत. आपल्याकडे तो विकार नाही असे निष्पन्न झाले, तर त्यासारखा आनंद नाही, आणि ती माहितीही जगाला तितकीच मोलाची ठरेल.

सहकाराने या खोऱ्यातील शेतकऱ्याला एक गोष्ट शिकविली, की एकट्याच्या उसाला भाव नसतो, सर्वांचा मिळून असतो. ज्ञानाचेही तसेच आहे. एकट्या डॉक्टराच्या टिपणवहीतील नोंद त्याच्याबरोबर विस्मृतीत जाते. हजारोंच्या नोंदी एकत्र आल्या की त्यांतून माणसे वाचतात. पुढच्या हंगामात बिद्रीच्या वजनकाट्यावर उसाची गाडी उभी राहील, तेव्हा उसाच्या वजनाबरोबरच तो तोडणाऱ्याच्या प्रकृतीचीही नोंद कोठेतरी होत असली पाहिजे. तेवढे झाले, तरच जगभरच्या तज्ज्ञांना जोडणाऱ्या या जाळ्यात आपलाही एक धागा आहे, असे अभिमानाने म्हणण्याचा अधिकार आपणास मिळेल.