नोंदी तुमच्या, किल्ली कोणाकडे?

"नोट्ससाठी कोणतं विकी घेऊ?" असं कुणी विचारलं की लगेच फीचर्सची यादी सुरू होते. डार्क मोड, टेम्पलेट्स, आता एआयसुद्धा. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं, तर माझ्या नोंदी कशात उघडतील?

मराठीत लिहिणाऱ्यांना तरी हे सांगायला लागू नये. माझ्या वडिलांनी आजोबांच्या आठवणी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. फाइल आजही शाबूत आहे. उघडली की मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण तो फॉन्ट आता आमच्याकडे नाही. आजोबा आहेत, पण वाचता येत नाहीत.

तीच चूक आपण ॲप बदलून पुन्हा करतोय. डिसेंबर 2023 मध्ये एव्हरनोटने फुकट खात्यांना 50 नोंदींची मर्यादा घातली. जुन्या नोंदी राहिल्या, पण मर्यादेपुढे नवी लिहायची तर पैसे भरा. यात बेकायदा काहीच नाही. घर त्यांचं, नियम त्यांचे. आपण भाडेकरू आहोत हे आपणच विसरलो होतो.

मग काय घ्यायचं? एकट्याच्या नोंदींसाठी मीडियाविकी नको. ते विकिपीडियासाठी घडलेलं आहे. मजकूर डेटाबेसमध्ये जातो आणि सर्व्हर सांभाळत बसावं लागतं. डोकुविकीलाही सर्व्हर लागतो, पण त्यात प्रत्येक पान साधी टेक्स्ट फाइल असते. टिडलीविकीची अख्खी वही एका एचटीएमएल फाइलमध्ये मावते. ऑब्सिडियनचा कोड खुला नाही, पण नोंदी तुमच्याच फोल्डरमध्ये मार्कडाउनमध्ये राहतात. ॲप काढून टाकलं तरी त्या कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडतात.

"पण फोन-लॅपटॉप सिंक करायची कटकट?" आहे, मान्य. 1995 मध्ये वॉर्ड कनिंगहॅमने पहिलं विकी सुरू केलं तेव्हा नावच 'झटपट' या अर्थाच्या हवाईयन शब्दावरून घेतलं. झटपट लिहिता येणं हवंच. पण आपलं सामान घेऊन झटपट निघता येणंही हवं.

आज रात्री एक काम करा. तुमच्या ॲपमधून दहा नोंदी एक्स्पोर्ट करा, नेट बंद करा आणि दुसऱ्या कशात तरी उघडून बघा. वाचता आल्या नाहीत, तर त्या लिहिल्या तुम्ही, पण आहेत दुसऱ्या कुणाच्या.