ऊर्जा नाश पावत नाही, मग ती वाचवावी कशासाठी?

ऊर्जेविषयीचे बोलके पाठ, चित्रे, खेळ आणि प्रश्नमंजूषा आज महाजालावर मुलांना सहज मिळतात. त्यांपैकी पुष्कळ साहित्य मुळात इंग्रजीत असते. इंग्रजीतील ‘कॉन्झर्व्हेशन’ हा शब्द निसर्गाचा एक नियमही सांगतो आणि माणसाचे एक कर्तव्यही. भाषांतरात दोहोंसाठी ‘संवर्धन’ हा एकच शब्द योजला, की चाणाक्ष मूल विचारते, “ऊर्जा नष्टच होत नसेल, तर ती वाचवायची कशाला?” हा प्रश्न टाळणारा पाठ कितीही रंगीत असला, तरी अपुराच होय, असे आमचे मत आहे.

याचे उत्तर बंगळूरच्या इतिहासात सापडते. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथे वीजकेंद्र सुरू झाले. तेथील वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींस मिळाली आणि १९०५ साली तिने बंगळूरचे रस्ते उजळले. उंचावरील पाण्याच्या ऊर्जेची वीज झाली, विजेचा प्रकाश झाला, आणि तो प्रकाश भिंतींत व जमिनीत शोषला जाऊन उष्णता झाली. हिशेबात ऊर्जा तिळमात्र उणी झाली नाही. परंतु भिंतीच्या त्या उबेने दुसरा दिवा लागत नाही, की खाली आलेले पाणी पुन्हा कड्यावर चढत नाही. ऊर्जेचे परिमाण कायम राहते. घटते ती तिची उपयुक्तता. वाचवायची ती हीच.

यशवंतपूरला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रविज्ञानाचा विभाग सुरू झाला. त्याने घडविलेल्या सुधारित चुलीचे मर्म हेच होते: लाकडातील उष्णता वाया न जाता अधिकांशाने भांड्यास मिळावी.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, मराठी पाठांत नियमासाठी ‘ऊर्जा अक्षय्यता’ आणि कर्तव्यासाठी ‘ऊर्जाबचत’ असे दोन स्वतंत्र शब्द कटाक्षाने वापरावेत. दुसरी, प्रत्येक पाठाने मुलास पडद्यापासून उठवून घरच्या वीजमापकापाशी न्यावे. एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल. तेवढ्या विजेवर ६० वॉटचा जुना तंतुदीप सुमारे १७ तास जळतो. साधारण तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा १११ तास चालतो. हा भागाकार मुलाने स्वतः करावा. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करावयाची खेळणी व मराठी पुस्तके विनामूल्य उपलब्ध आहेत. मुलाच्या हातांना काम देणारे असे साहित्य शाळांनी व ग्रंथालयांनी आधी निवडावे.

“दिवे मालवा” ही आज्ञा मूल चार दिवसांत विसरते. ती का दिली, हे ज्याने मापून पाहिले, त्याला आज्ञेची गरज उरत नाही.