विहाराला कुलूप आणि कमरेला विकतचा पट्टा



आपल्या वस्तीतली पोरं-पोरी कराटे शिकायला लागली याचा मला आनंद आहे. ज्या पद्धतीने शिकताहेत त्याचा संतापही आहे. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, कुठंही जा. शाळेच्या मैदानात नाहीतर मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये संध्याकाळी पांढऱ्या ड्रेसमधली पोरं रांगेत उभी दिसतात. त्यात आपलीही असतात. आईनं खुरपणीच्या, कांदा काढणीच्या मजुरीतून फी भरलेली असते. काही महिन्यांत पिवळा पट्टा, मग केशरी, मग हिरवा. व्हॉट्सॲपवर फोटो, खाली अभिनंदनाचा पाऊस. मग तीन वर्षांत ब्लॅक बेल्ट झालेल्या पोराला सहज विचारा, मागून कुणी कॉलर धरली तर काय करशील? पोरगं सरांच्या तोंडाकडं बघतं.

हा धंदा नीट समजून घ्या. दर तीन महिन्यांनी बेल्ट परीक्षा, परीक्षेची फी वेगळी, बेल्टचे पैसे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे. नापास कुणीच होत नाही, कारण नापास झालेलं पोरगं पुढच्या महिन्यात क्लास सोडतं. मुळात या पट्ट्यांना कसलाही प्राचीन वारसा नाही. ही पायऱ्यांची पद्धत ज्युदोच्या जिगोरो कानो यांची. गिचिन फुनाकोशी यांनी ती कराटेत आणली आणि १९२४ मध्ये पहिल्यांदा दान पदवी दिली. म्हणजे जी गोष्ट अवघी शंभर वर्षांची आहे, तिला आपण जानव्यासारखी कमरेला मिरवायला लागलो. ज्यांनी एक दोरा फेकून दिला त्यांनी दुसरा विकत घ्यावा?

दुसरं आमिष सर्टिफिकेटचं. राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे हे खरं. पण कुठल्याशा हॉलमध्ये दोन दिवसांची ‘राष्ट्रीय’ नाहीतर ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा घेऊन प्रत्येक पोराच्या गळ्यात मेडल घातलं, म्हणून ते सर्टिफिकेट नोकरीला चालत नाही. पडताळणीत ते बाद होतं आणि बाप डोक्याला हात लावून बसतो. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन लेखी विचारा: ही स्पर्धा, ही संघटना मान्यताप्राप्त आहे का? शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धांमधून तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं चढणारं पोरगं खरं खेळाडू. बाकीचं मेडल शोकेसमध्ये ठेवायला.

मग कराटे सोडून द्यायचं का? अजिबात नाही. आपल्याकडं ताकदीची जागा म्हणजे तालीम. तालमीत मारुती, तालमीत गावकी, आणि यात्रेच्या आखाड्यात मानाची कुस्ती कुणाची हे पंच कंपनी ठरवणार. तिथं आपल्या पोराला ‘ये’ म्हणणारे वस्ताद होते, नाही असं नाही. पण ती जागा आपली कधीच नव्हती. कराटेच्या हॉलमध्ये देव नाही, मानकरी नाही. पाटलाचं पोरगं आणि बौद्धवाड्यातलं पोरगं एकाच पांढऱ्या कपड्यात समोरासमोर उभं राहून एकमेकांना वाकून नमस्कार करतं, मग भिडतं. ज्या गावात आजोबांना वाट सोडून उभं राहावं लागत होतं, तिथं नातवाला हे मिळणं ही लहान गोष्ट नाही.

कराटेचा जन्मही बघा. ते ओकिनावा बेटांचं. निहत्त्या शेतकऱ्यांनी ते शोधलं अशी लोककथा सांगतात. प्रत्यक्षात शिकणारे बरेचसे तिथल्या दरबारातले, मधल्या दर्जाचे लोक होते. पण १८७९ मध्ये जपाननं ते राज्य खालसा केलं आणि ओकिनावाचा माणूस जपानी माणसाच्या लेखी खालचा ठरला. १९०३ च्या ओसाका प्रदर्शनात तर ओकिनावाच्या स्त्रियांना ‘मानववंश दालना’त जिवंत नमुन्यासारखं मांडलं होतं. त्याच ओकिनावाचा एक शाळामास्तर, फुनाकोशी, १९२२ मध्ये टोकियोला गेला आणि ज्यांनी त्याच्या लोकांना हिणवलं त्यांना आपली विद्या शिकवू लागला. क्योकुशिन शैली काढणारे मास ओयामा जन्मानं कोरियन, तेही जपानच्या गुलामीतल्या कोरियाचे. हिणवलेल्या माणसांनी हातापायांतून कमावलेली ही विद्या आहे, हे आपल्याला कुणी दुसऱ्यानं समजावून सांगायची गरज नाही.

इथं एक कडू गोष्ट आपल्याच माणसांना सांगतो. ‘कराटे ही बोधिधम्माची देणगी, म्हणजे बुद्धाची देणगी’ असे मेसेज आपण डोळे झाकून फॉरवर्ड करतो. बोधिधम्मानं शाओलिनमध्ये युद्धकला शिकवली ही कथा सतराव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथापासून पसरली. त्याला त्या काळाचा पुरावा नाही. पुष्पक विमानाला हसणाऱ्यांनी स्वतःचं पुष्पक विमान उडवू नये. जुन्नरभोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी इतकी लेणी डोंगर पोखरून उभी आहेत, त्यांतले दानलेख दगडात कोरलेले आहेत. एवढा खरा वारसा पायाशी असताना खोटा कशाला हवा?

दुसरा आक्षेप धम्माच्या नावानं येतो. ‘आपण बौद्ध, आपण मारामारी कशी शिकायची?’ हे म्हणणारा बहुतेक वेळा स्वतः घाबरट असतो, आणि त्याच्या भित्रेपणाला तो पंचशील म्हणतो. १९४२ मध्ये नागपूरला समता सैनिक दलाच्या परिषदेत बाबासाहेबांनी अहिंसा आणि नेभळटपणा यांतला फरक स्पष्ट केला होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मांडल्यात. वाचा ते पान. आणि महाड आठवा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्या लोकांत पलटणीतून आलेले जुने सैनिक होते, एका इशाऱ्यावर गाव उलटंपालटं केलं असतं. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. ज्याच्या हातात ताकद आहे त्यानं हात आवरला तर तो संयम. ज्याच्या हातात काहीच नाही त्याचं काय? फुनाकोशींचीही शिकवण होती की कराटेत पहिला वार आपला नसतो. त्यामुळे जयंतीच्या मिरवणुकीत कौलं फोडून, ट्यूबलाइट अंगावर फोडून घेऊन शौर्य दाखवणाऱ्या पोरांनी एकदा थांबावं. कौल उलटून मारत नाही.

आता मुलींचं. शाळांमध्ये समग्र शिक्षा अभियानातून मुलींना स्वसंरक्षणाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण देतात. चांगलं आहे, द्या. पण तीन महिन्यांत चार ठोसे शिकवून ‘आता तू निर्भय’ म्हणणं ही फसवणूक आहे. त्यात दुसरा डाव असा की उद्या काही झालं तर लोक विचारणार, तुला तर कराटे येत होतं ना? म्हणजे शेवटची एसटी बंद करणारे मोकळे, शाळेच्या वाटेवरचा दिवा न लावणारी ग्रामपंचायत मोकळी, टपरीवर बसून शिट्ट्या मारणारे मोकळे, आणि जबाबदारी कुणाची? आठवीतल्या पोरीची. डिंभ्याच्या वरच्या गावांतून, भीमाशंकरकडच्या वाड्यांतून आश्रमशाळेत येणाऱ्या आदिवासी मुलींना विचारा, त्यांना आधी काय हवंय. वसतिगृहाच्या दाराला आतून कडी हवीय, स्त्री अधीक्षक हवीय. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयापुढं त्यासाठी बसलं पाहिजे. कराटे त्याच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही.

आणि कराटेच्याच क्लासमध्ये काय चालतं तेही बघा. ‘स्टान्स सुधारतो’ म्हणून मुलींच्या अंगाला हात लावणारे सर असतात. माझ्या ओळखीच्या एका क्लासमध्ये तीन मुलींनी एकाच आठवड्यात येणं बंद केलं, आणि पालकांना सांगितलं गेलं की त्यांना जमलं नाही. हॉलचं दार उघडं ठेवा, पालकांना बसू द्या, स्पर्धेला बाहेरगावी जाताना सोबत बाई असलीच पाहिजे. हे मान्य नसेल तर तो क्लास सोडा. काही घडलंच तर पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. क्लासची बदनामी होईल म्हणून गप्प बसवणाऱ्या काकांचं ऐकू नका.

झुंडीपुढं कराटे चालत नाही, हेही पोरांना स्वच्छ सांगा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर गाव चालून गेलं. तिथं कुठला काळा पट्टा पुरा पडला असता? चार जण अंगावर आले तर कराटेचा पहिला धडा पळणं हाच आहे. म्हणून पाय कमवा. पळून गेलेला माणूस तक्रार द्यायला जिवंत राहतो.

तक्रारीचं डोक्यात पक्कं ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार आहे, पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल तेवढीच इजा. समोरचा खाली पडला, तिथं तुमचा अधिकार संपला. पडलेल्याला मारलेली दुसरी लाथ तुम्हाला आरोपी करते, आणि तुमचं ब्लॅक बेल्टचं सर्टिफिकेट समोरचा वकील तुमच्याच विरोधात कोर्टात ठेवू शकतो. वस्तीवर हल्ला झाला की समोरची बाजू क्रॉस केस टाकते, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. त्यामुळे आधी दवाखाना, जखमांची नोंद, मग लगेच पोलीस ठाणं. हद्द आपली नाही म्हणाले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता नोंद घ्यावी लागते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. जातीवरून झालं असेल तर ॲट्रॉसिटीचं कलम लावल्याची खात्री प्रत हातात घेऊन, वाचून करा. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. हे ज्याला पाठ नाही त्याला मी हिरवा पट्टासुद्धा देणार नाही.

रोजच्या सरावाचं थोडक्यात. पहिले तीन महिने कंटाळा येतो, तेच ते ठोसे, तीच घोड्याची बैठक, मांड्या भरून येतात. तिथंच निम्मी पोरं गळतात आणि तिथंच खरं कराटे असतं. गुडघ्यात कळ आली तर बैठक उंच घ्या, ‘सहन कर’ म्हणणाऱ्या सरांचं ऐकू नका. नखं कापलेली हवीत, ड्रेस धुतलेला हवा. प्रोटीन पावडरचे डबे नकोत. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, अंडी पुरे. कुमिते खेळताना दातांचा गार्ड लावल्याशिवाय उतरू नका. डोक्याला मार लागून गरगरलं, उलटी झाली, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर. पडायला शिका, मोटरसायकलवरून घसरलात तरी ते उपयोगी येतं.

आणि पहाटे अंधारात उसाच्या कडेनं एकट्यानं धावायला जाऊ नका. आपला भाग बिबट्याचा आहे, माणिकडोहला निवारा केंद्र उगाच नाही. बिबट्याला तुमचा पट्टा दिसत नाही. उजाडू द्या, तिघं-चौघं मिळून जा, बॅटरी आणि मोबाइलवर गाणी मोठ्यानं असू द्या. तिथं भीमगीतं वाजवा हवं तर.

आता शेवटचा मुद्दा, विहाराचा. लेण्याद्रीच्या सात नंबरच्या लेण्यात आज गणपती आहे, पण ते मुळात विहार. मधे मोठं दालन, कडेनं कोठड्या. माणसं राहायची, शिकायची जागा. आणि आपल्या गावातलं विहार? बुद्ध पौर्णिमा, १४ एप्रिल, ६ डिसेंबर. बाकी वर्षभर कुलूप. पोरं मात्र तीन मैलांवर फी भरून फरशीवर सराव करतात. विहाराची फरशी काय वाईट आहे? कराटेला मॅटसुद्धा लागत नाही. पडण्याच्या सरावाला दोन जुन्या गाद्या पुरतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी, एक तास कराटे, अर्धा तास संविधान नाहीतर कायदा, शेवटी वंदना. शिकवायला तालुक्यातली एखादी चांगली खेळाडू मुलगी बोलवा, तिला मानधन द्या. फुकट राबवू नका. वरच्या आदिवासी वाड्यांतली पोरं आली, मराठा-माळ्यांची आली तर दार उघडं ठेवा.

पैसे कुठून आणायचे, असं मंडळाचे पदाधिकारी विचारतील. जयंतीला डीजेवाल्याला दिलेली पावती त्यांच्याच कपाटात आहे. यंदा दोन तास कमी वाजवा, वर्षभराचं मानधन निघतं का ते बसून हिशोब करा. मिटिंग मेच्या पहिल्या आठवड्यात घ्या, कारण जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पोरं पुन्हा बाहेरच्या क्लासला नाव घालतात. आणि विहाराची चावी कुणाकडं आहे, ते मिटिंगच्या आधी शोधून ठेवा.

जय भीम. नमो बुद्धाय.