रणोत्साह आणि रजेचा अर्ज

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ चालू असताना काही दूरचित्रवाहिन्यांनी एका रात्रीत कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकले. सकाळी ते बंदर जागच्या जागी होते, परंतु आदल्या रात्री जल्लोष करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचा संकोच वाटला. पुढे १० मे रोजी लष्करी कारवाई थांबल्याचे जाहीर झाले, तेव्हा रंगात आलेला तमाशा अर्ध्यावर मोडावा तसा अनेकांचा विरस झाला आणि त्याचा राग परराष्ट्र सचिवांवर व त्यांच्या कुटुंबीयांवर काढण्यात आला. ज्यांच्या घरचा मुलगा त्या चार दिवसांत सीमेवर तोफांच्या माऱ्याखाली होता, त्या घरांत असा विरस झाला असेल, असे मला वाटत नाही.

सैनिकाची तक्रार युद्धाविरुद्ध नसते. भरतीच्या मैदानात उतरतानाच त्याने मरणाचा हिशेब मनाशी केलेला असतो, आणि हुकूम झाला की शंका न काढता पुढे जाणे हा त्याचा धर्मच असतो. त्याला सलते ते एवढेच की, ज्याची किंमत तो देणार आहे, ते युद्ध मागे उरलेल्यांनी करमणूक म्हणून मागावे, आणि त्याच्या नावाने ज्याला त्याला देशद्रोही ठरवण्याचा अधिकारही आपल्याकडे घ्यावा.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी सारा देश हवाई चकमकीच्या बातम्यांत गुंग असताना काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचे एक हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यासह हवाई दलाचे सहा जण व जमिनीवरील एक नागरिक मृत्यू पावले. समाजमाध्यमांवरील शूरांनी आता थांबावे आणि एवढाच आवेश असेल तर स्वतः सैन्यात दाखल व्हावे, असे त्यांच्या पत्नीने त्या दुःखातही स्पष्ट बजावले. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही मोठी चूक झाली, अशी कबुली हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये दिली. पण तोवर त्या दिवसाच्या विजयोत्सवात या सात मृत्यूंना जागाच उरली नव्हती. जे युद्ध पडद्यावर निष्कलंक दिसते, ते प्रत्यक्षात असे असते, आणि सैनिकाला हे ठाऊक असते.

आता हाच सैनिक रजेवर सोलापूर जिल्ह्यात मोहोळ, करमाळा वा सांगोला तालुक्यातल्या आपल्या गावी येतो तेव्हा काय घडते, तेही पाहावे. पारावर त्याला ‘किती मारले?’ म्हणून विचारले जाते, पंधरा ऑगस्टला व्यासपीठावर बसवून शाल पांघरली जाते. आणि दुसऱ्या दिवशी तो भावकीने कोरलेल्या बांधाची तक्रार घेऊन तहसील कचेरीत जातो, तेव्हा मोजणीची तारीख त्याची रजा संपल्यानंतरची पडते. त्याच्या कमांडिंग ऑफिसरचे पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आलेले असते, ते दप्तरात कोठेतरी असते. विशेष वा युद्धजन्य परिस्थितीत सेवेत असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत दिवाणी व महसुली दावे पुढे रेटले जाऊ नयेत, यासाठी १९२५ पासून कायदा अस्तित्वात आहे. परकीय सरकारला जी गरज कळली, तिची आठवण आपल्या कारकुनाला सैनिकानेच करून द्यावी लागते.

युद्धाकडे कसे पाहावे, हे शिकण्यासाठी सोलापूरकराला दूर जाण्याचे कारण नाही. मे १९३० मध्ये या शहराने लष्करी कायद्याचा अंमल सोसला आहे. आणि याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथील रणभूमीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. युद्धात सापडलेल्या माणसाच्या उपयोगी कसे पडावे, हे त्यांनी घोषणा न देता दाखवून दिले.

युद्धाविषयी बोलण्याचा अधिकार केवळ सैनिकाचा आहे, असे माझे म्हणणे नाही. लोकशाहीत तो निर्णय अखेर नागरिकांच्या प्रतिनिधींचाच असतो आणि तसाच असावा. पण अधिकाराबरोबर जबाबदारी येते, आणि ती ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीची पावती फाडून संपत नाही. ज्याच्या हाती कचेरीतला शिक्का आहे त्याने जवानाच्या अर्जाचा निकाल त्याच्या रजेच्या मुदतीत लावावा, ज्याचा बांध त्याच्या बांधाला लागून आहे त्याने तो कोरू नये, आणि ज्याच्या हाती केवळ भ्रमणध्वनी आहे त्याने निदान खोटी बातमी पुढे पाठवू नये. एवढेही ज्याच्याने होत नाही, त्याने युद्धाची मागणी करू नये.